आयुष्यभर लिहीत राहायचं तर वही, वेळ आणि खंड यांची सोय कशी लावावी?

कोरडवाहू (बीड)

नमस्कार मंडळी. कथा आणि ललित लिहिणाऱ्या, पण पोटाला दुसरं काम असलेल्या माणसानं पुढची तीस-चाळीस वर्षं लिहिणं चालू ठेवायचं तर घडी कशी बसवायची? प्रेरणा नको, ती पोतंभर आहे. किती, कधी, कशावर, आणि मोडलं तर काय, एवढं सांगा.

परिस्थिती अशी: वय ३८. दहा ते सहा नोकरी. गावात सात एकर, त्यातल्या अडीच एकराला विहिरीचं पाणी. घरात अर्धवट भरलेल्या अकरा वह्या. प्रत्येकीची तऱ्हा एकच: पहिली तीस-चाळीस पानं सुवाच्य, मग पेरणी नाहीतर काढणी, मग कोरी पानं.

प्रश्न चार. रोजचं माप किती धरायचं? "रोज हजार शब्द" सगळीकडं वाचायला मिळतं, ते जमत नाही. वही बरी का मोबाइल-कॉम्प्युटर? (जुनं थोडं श्रीलिपी फॉन्टात टाइप केलेलं आहे, आता उघडलं की इंग्रजी अक्षरांचा पालापाचोळा दिसतो.) दोन-तीन महिन्यांचा खंड पडला की परत सुरुवात कुठून? आणि शेवटचा: गावातली बोली कानावर पडते तेव्हा लख्ख असते, लिहायला बसलं की सगळं पुस्तकी उतरतं. याला काय करावं?

गोदाकाठ (पैठण)

माप आणि वेळ, एवढंच मी घेतो. बाकीचं इथले जाणकार सांगतील.

हजार शब्दांचा हिशोब ज्यांची चूल लिहिण्यावर पेटते त्यांचा आहे. विचार करत हातानं लिहिलं तर मिनिटाला सात-आठ शब्द पडतात, म्हणजे हजाराला दोन तासांच्या वर गेले. नोकरी आणि शेती सांभाळून हे दोन तास निघतात पहिले आठ-दहा दिवस. मग एक दिवस हुकतो, दुसऱ्या दिवशी डोक्यावर दोन हजारांची थकबाकी, आणि आठवड्यानं वहीकडं बघितलं की सोसायटीच्या कर्जाची नोटीस आल्यासारखं वाटतं.

त्यापेक्षा दोन मापं ठेवा. एक सुगीचं: दीडशे शब्द. फुलस्केप वहीच्या ओळीत आठ-नऊ शब्द बसतात, म्हणजे सतरा-अठरा ओळी, वीस-पंचवीस मिनिटांचं काम. दुसरं दुष्काळी: तारीख आणि तीन ओळी. मयत आहे, लग्न आहे, विहिरीवरची मोटार जळालीय, त्या दिवशी हे दुसरं माप. पाच मिनिटंही लागत नाहीत. सुगीचं माप वर्षातून ३०० दिवस पडलं तर ४५,००० शब्द होतात. पुस्तकाच्या पानाला २५० धरले तर १८० पानांचा कच्चा माल. निम्मा फेकला तरी दोन वर्षांत एका पुस्तकापुरतं उरतं.

दुष्काळी माप वाढवायचा मोह होतो. "तीन ओळी म्हणजे काय लिहिणं झालं का?" असं म्हणून माणसं ते दहा ओळींवर नेतात आणि तिथंच मोडतं. ते इतकं लहान पाहिजे की न लिहायला कारणच सापडू नये.

अंबाजोगाईच्या संतकवी दासोपंतांबद्दल (१५५१–१६१५) सांगतात की त्यांना रोज ढब्बू पैशाची शाई लागायची. आख्यायिकाच ती, पण तिच्यातलं माप बघण्यासारखं आहे. ओव्या किती झाल्या, चांगल्या झाल्या का, याची मोजदाद तिच्यात नाही. दौतीतली शाई संपली का एवढंच. ओवी चांगली उतरणं आपल्या हातात नसतं, शाई संपवणं असतं. त्यांचा गीतार्णव हा गीतेवरचा ग्रंथ सव्वा लाख ओव्यांचा मानतात.

आता वेळ. घड्याळाला बांधू नका, रोजच्या एखाद्या कामाच्या शेपटीला बांधा: धार काढून झाली की, चहाची कपबशी खाली ठेवली की, ऑफिसात पोचून कुलूप काढायच्या आधी. आपल्याकडं घड्याळ फार वेळा मोडतं. पंपाची थ्री फेज लाइन एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री अशी फिरत असेल तर रात्रीच्या आठवड्यात पहाटे लिहिणं हा स्वतःवर सूड आहे. त्या आठवड्याची वेळ दुपारच्या डब्यानंतरची. दोन वेळा आधीच ठरवून ठेवा: दिवसाच्या लाइनीची आणि रात्रीच्या लाइनीची.

वर्षाचीही आखणी करा. मृग ते पेरणी आटोपेपर्यंत दुष्काळी माप. आषाढ-श्रावणात कोळपणी-खुरपणी चालू असली तरी संध्याकाळ मोकळी मिळते. नवं काही न काढता जुनं पक्कं करायला हा काळ चांगला, शिवाय दिवाळी अंकांना साहित्य साधारण याच सुमाराला द्यावं लागतं. सोयाबीन काढणीत परत दुष्काळी. दिवाळीनंतर ज्वारी हुरड्यात येईपर्यंतचे महिने लांब लिखाणाला सगळ्यात बरे: हवा थंड, रात्र मोठी. एप्रिल-मे मात्र सकाळी नऊच्या आत. पारा ४२ च्या पुढं गेल्यावर पत्र्याच्या खोलीत दुपारी कागदावर घामच पडतो.

आणि रोज उठायच्या आधी पानाच्या तळाशी एक ओळ, "उद्या:" असं लिहून. उदाहरणार्थ:

*उद्या: आजी ओट्यावरून उठते ती पाण्याचं निमित्त करून. टँकरचा हॉर्न आधी, का तिचं उठणं आधी?*

प्रसंग संपवून उठू नका, अर्ध्यावर उठा. पुढचं वाक्य माहीत असताना थांबलं की दुसऱ्या दिवशीची पहिली दहा मिनिटं वाचतात. लिखाण बंद पडतं ते बहुतेक या पहिल्या दहा मिनिटांतच: पेन कुठंय, चष्मा कुठंय, कुठवर आलो होतो. वही, दोन पेनं आणि चष्मा एकाच कापडी पिशवीत राहू द्या. ती पिशवी दुसऱ्या कशालाही वापरायची नाही, बाजाराला तर नाहीच.

बालाघाट (अहमदपूर)

गोदाकाठ, बाकी पटलं, "रोज" हा शब्द नाही पटला. गद्याला रोजचं माप चालतं. कविता लिहिणाऱ्यानं रोज सतरा ओळी पाडल्या तर महिन्यात हात सराईत होतो आणि कान मरतो. कवितेला आठवड्याचं माप घ्यावं आणि ते आठवडी बाजाराच्या दिवशी मोजावं, कारण तो दिवस गावात कुणी विसरत नाही. आठवड्यात दोन बैठका, प्रत्येकी तास-दीड तास. एकीत नवं, दुसरीत फक्त जुनी कविता मोठ्यानं वाचून खोडणं. मोठ्यानं म्हणजे खरंच मोठ्यानं. जिथं जीभ अडखळते तिथं पेन्सिलीनं टिंब द्यायचं, दुरुस्ती लगेच नाही. तीन वाचनांत एकाच जागी तीन टिंबं आली की ती ओळ मोडायची.

कोरडवाहू भाऊ कथा लिहितात, त्यांना गोदाकाठचंच माप बरं.

खतावणी (जालना)

वहीचं मी सांगतो, जरा लांबेल.

अकरा वह्या अर्धवट राहिल्या याचं एक कारण असं असावं की प्रत्येक वही "कादंबरीची", "कथांची", "विचारांची" म्हणून सुरू झाली. विषय सुटला की वही सुटते. मोंढ्यातल्या (धान्यबाजारातल्या) जुन्या पेढ्यांची पद्धत उचला: कीर्द आणि खतावणी. कीर्दीत जे घडेल ते तारखेवार, एकाखाली एक, कशाचाही कशाशी संबंध नसला तरी. खतावणीत तेच खातेवार. व्यापारी येईल त्या गिऱ्हाइकासाठी नवी कीर्द उघडत नाही. लिहिणाऱ्यानंही उघडू नये.

कीर्द: २०० पानी, फुलस्केप, शिवलेली. स्पायरल नको, तारेजवळची पानं आधी फाटतात आणि वह्या एकावर एक ठेवल्या की तारा एकमेकींत अडकतात. पहिली चार पानं कोरी सोडा, अनुक्रमणिकेला. पानांना क्रमांक पहिल्याच दिवशी घाला, सगळ्या २०० पानांना. दहा मिनिटं लागतात, पण नंतर कुणी घालत नाही. वहीच्या पाठीवर वहीचा क्रमांक. लिहायचं फक्त उजव्या पानावर. डावं पान मोकळं: दुरुस्ती, जादा वाक्य, शंका यांसाठी. कागद वाया जातो असं वाटतं, पण सहा महिन्यांनी पक्की प्रत करताना डाव्या पानावरचंच जास्त उपयोगी पडतं. सुगीच्या मापानं रोज अर्ध्याहून थोडं जास्त उजवं पान भरतं, म्हणजे एक वही साधारण सहा महिने जाते. वर्षाला दोन. वीस वर्षांच्या चाळीस वह्या एका लोखंडी पेटीत मावतात.

खतावणी: वेगळी, जाड पुठ्ठ्याची, शंभर पानी पुरे. प्रत्येक खात्याला एक पान. दर रविवारी अर्धा-पाऊण तास: आठवड्याची कीर्द चाळायची आणि जे जिवंत वाटतं त्याचा फक्त पत्ता खतावणीत टाकायचा. मजकूर उतरवायचा नाही. कीर्दीत असं असेल:

*१४ ऑगस्ट. टँकर आला तेव्हा रांगेत हंडे होते, माणसं नव्हती.*

ही सातव्या वहीच्या ४३ व्या पानावर आहे. मग खतावणीत दोन ठिकाणी नोंद:

*पाणी: ३/११, ५/६२, ७/४३*
*माणसं नसलेल्या जागा: २/८०, ७/४३*

दुसरं खातं बघा. असलं खातं ठरवून उघडता येत नाही, नोंदी करता करता सापडतं. एखाद्या खात्यात बारा-पंधरा पत्ते जमले की तिथं एक कथा किंवा लेख तयार होत आलाय असं समजावं. तेवढी पानं उघडायची, शेजारी शेजारी ठेवायची, आणि पक्क्या कागदावर पहिला खर्डा. "आता काय लिहू?" हा प्रश्न खतावणीवाल्याला पडत नाही; पडला तर रविवार चुकलेत असं समजायचं.

देवगिरीला जनार्दनस्वामींकडं हिशोब लिहिताना एका पैची चूक सापडेपर्यंत एकनाथ रात्रभर बसले, ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. चूक सापडली कारण नोंद होती, हेही लक्षात घ्या. तारीख नसलेलं पान हरवलेल्या पावतीसारखं असतं.

शाई आणि जपणूक. साधं बॉलपेन हिणवू नका. त्याची शाई तेलकट असते, पाण्यानं पसरत नाही. धुतली जाणारी निळी फाउंटन शाई दिसायला सुरेख, पण पत्रा गळला की पान निळं होतं. जेल पेनात दोन्ही प्रकार येतात. एक ओळ लिहून दिवसभर वाळू द्या, मग त्यावर पाण्याचा थेंब ठेवून पाच मिनिटांनी टिपा. पसरली तर ते पेन किराणा यादीला. एसटीच्या तिकिटामागं किंवा दुकानाच्या पावतीमागं टिपलेलं त्याच दिवशी कीर्दीत उतरवा. तो कागद उष्णतेनं छापायचा असतो, त्यावरचा छापा उन्हात काही दिवसांत उडतो, आणि गुळगुळीत बाजूला लिहिलेलंही नीट धरत नाही.

पेटी जमिनीवर नको; खाली चार विटा, आणि भिंतीपासून वीतभर अंतर, कारण वाळवी भिंतीतून येते. कसर खळ आणि डिंक खाते, म्हणून चिकटवलेल्या बांधणीची वही आधी जाते. डांबराच्या गोळ्या कापडात बांधून ठेवा, उघड्या कागदाला टेकू देऊ नका. कडुनिंबाचा पाला ठेवायचा तर कडकडीत वाळलेला. ओलसर राहिला तर बुरशी तोच आणतो. रबरबँड कधीही नाही, दोन उन्हाळ्यांत वितळून पानाला चिकटतो. टाचणी आणि पिन गंजतात. सुती दोरा घ्या. मऊ प्लास्टिकची पारदर्शक पाकिटंसुद्धा टाळा. उन्हाळ्यात झेरॉक्सची शाई त्यांना चिकटून कागदावरून सुटून येते.

दुधनाकाठ (सेलू)

खंडाबद्दल.

खंड पडणारच. आपल्याकडं पावसाचा पडतो तसाच. ऑगस्टात वीस दिवस पाऊस उघडला म्हणून कुणी पीक मोडत नाही. काय करतो? कोळपतो. काळ्या रानाला भेगा पडायला लागल्या की वरचा थर हलवून भेगा बुजवायच्या, म्हणजे खालची ओल उडून जात नाही. "एक कोळपणी, अर्धं पाणी" म्हणतात ते यालाच. लिखाणाच्या खंडातही पाणी आणता येत नाही, ओल धरता येते. नवं सुचत नाही, बसवत नाही, अशा दिवसांत खतावणीच्या नोंदी, जुन्या पानांना क्रमांक, एखाद्या पानाची सुवाच्य नक्कल, एवढंच करायचं. हात वहीला लागला पाहिजे.

आणि खंड पडूनच गेला असेल तर त्याच्या लांबीवर उपाय ठरतो.

आठवड्यापर्यंतचा खंड: काही करू नका, शेवटचं पान वाचा, "उद्या:" ची ओळ बघा, लिहायला लागा.

आठवडा ते महिना: पहिल्या दिवशी शेवटचं लिहिलेलं पान हातानं जसंच्या तसं उतरवा. एक शब्दही बदलायचा नाही. कंटाळवाणं वाटतं, पण वाक्याची चाल हातात परत येते. डोळ्यांनी वाचून ती येत नाही. दुसऱ्या दिवशी त्या नकलेवर खाडाखोड. तिसऱ्या दिवशी नवं. बहुतेकांचा हात दुसऱ्याच दिवशी पुढं पळतो, पळू द्या.

महिन्याच्या वर: तीन दिवस फक्त खतावणी चाळा, चौथ्या दिवसापासून दुष्काळी माप, दोन आठवडे. मगच सुगीचं. महिनाभर अर्धपोटी असलेल्या बैलाला पहिल्याच दिवशी पेंड घालत नाहीत, पोट फुगतं.

सगळ्यात मोठी चूक: लांब खंडानंतर हस्तलिखित पहिल्या पानापासून वाचायला घेणं. पहिल्या पानावर दोन शब्द खटकतात, ते दुरुस्त होतात, मग तिसऱ्या पानावर पाच. दहाव्या पानापर्यंत दम संपतो आणि पुढचा खंड पडतो. दोन-चार खंडांनंतर पहिली वीस पानं गारगोटीसारखी गुळगुळीत आणि पुढं बोंब, अशी हस्तलिखितं मराठवाडाभर पेट्यांत पडून आहेत. मसुदा शेवटपर्यंत पोचेपर्यंत पहिल्या पानाला हात लावायचा नाही. खटकलं तर डाव्या पानावर फुली मारून पुढं.

थकबाकी भरायची नाही. चाळीस दिवस चुकले म्हणून चाळीस वेळा तीन ओळी एका रविवारी काढल्या तर त्या कशा असतात ते कुणालाही कळतं. इथं कर्जमाफी तातडीनं आणि विनाअट.

एक विसरलो. साहित्य पाठवायचं दप्तर वेगळं ठेवा: कुठं, काय, किती तारखेला, उत्तर काय. एक कथा एका वेळी एकाच संपादकाकडं, तीन महिने वाट, मग एक स्मरणपत्र, मग दुसरीकडं. हे दप्तर लिहायच्या पिशवीत ठेवायचं नाही. नकार आलेल्या संध्याकाळी कीर्द उघडायला जड जातं, निदान डोळ्यांसमोर तरी नको.

कळफलक (नांदेड)

श्रीलिपीचा पालापाचोळा कामून दिसतो ते आधी. जुन्या फॉन्टांत अक्षर मराठी दिसायचं, पण फायलीत साठवलेलं असायचं इंग्रजी चिन्ह. फॉन्ट फक्त वर मराठी मुखवटा चढवायचा. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर मुखवटा उतरतो. युनिकोडात अक्षर स्वतःच साठवलं जातं, म्हणून ते कुठंही उघडतं. फायली टाकू नका, परिवर्तक (कन्व्हर्टर) वापरून एकदाच बदलून घ्या. फॉन्टची नेमकी आवृत्ती निवडा, एकाच नावाचे वेगवेगळे आराखडे असतात आणि चुकला तर निम्मीच अक्षरं बदलतात. बदलल्यावर चार जागा डोळ्यांनी तपासा: ऱ्हस्व वेलांटी (जुन्या पद्धतीत ती अक्षराच्या आधी टाइप व्हायची, त्यामुळं जोडाक्षरावर चुकीच्या जागी बसते), रफार, "ऱ्या-ऱ्हा" मधला अर्धा र, आणि "ॲ-ऑ". "वाऱ्यावर", "दुसऱ्या", "निर्मिती", "ॲडमिट" हे चार शब्द शोधून बघितले तरी किती बिघडलंय त्याचा अंदाज येतो. मूळ फाइल पुसायची नाही.

टायपिंग: आयुष्यभर करायचं असेल तर इनस्क्रिप्ट कळफलक शिका. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, त्यामुळं दोन्ही हात आळीपाळीनं चालतात. रोज वीस मिनिटं दिली तर तीन-चार आठवड्यांत कळांकडं बघावं लागत नाही. इंग्रजी स्पेलिंगावरून मराठी उमटवणारे कळफलक पहिल्या दिवशी सोपे वाटतात, पण "ण-न", "ळ-ल", "श-ष" च्या वेळी प्रत्येक वेळा थांबावं लागतं, आणि यंत्र सुचवेल तो शब्द घ्यायची सवय लागते. बोलून टाइप करणं प्रमाण मराठीला ठीक. बोलीला घातक: तुम्ही "करायलो" म्हणता, ते खूपदा "करायला" लिहून मोकळं होतं, आणि नंतर वाचताना चूक दिसतही नाही.

माझं मत: कच्चं वहीत, पक्कं कॉम्प्युटरवर. हातानं लिहिलेलं टाइप करताना एक फेर आपोआप होतो.

साठवण: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. म्हणजे कॉम्प्युटर, बाहेरची हार्ड डिस्क, आणि ऑनलाइन खातं. पेन ड्राइव्ह नेआणीला असतो, कायमच्या साठवणीला नाही. वर्षानुवर्षं वीज न मिळता पडून राहिला तर त्यातली माहिती हळूहळू झिजते. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलेला वहीचा फोटो दाबून लहान केलेला असतो, वर फोन बदलला की सोबत येईलच असं नाही. फाइलच्या नावात वर्ष आधी, मग महिना, मग दिवस: "२०२५-०८-१४ टँकर खर्डा २". असं ठेवलं की फायली आपोआप तारखेवार लागतात. "शेवटची", "अगदी शेवटची", "शेवटची नवी" ही नावं बंद.

प्रत आहे म्हणजे उघडते असं नाही. वर्षातून एक दिवस नेमा, १७ सप्टेंबर सोयीचा, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन असतो. झेंडावंदन करून आलं की प्रत्येक साधनावरच्या पाच फायली उघडून, शेवटच्या पानापर्यंत जाऊन बघायच्या. गूगलचं खातं दोन वर्षं वापरलं नाही तर ते पुसलं जाऊ शकतं, म्हणून त्याच दिवशी तिथंही एकदा शिरून या. पासवर्ड कागदावर लिहून घरातल्या एका माणसाला सांगा. आपल्या कायद्यात लेखनाचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. साठ वर्षांचा हक्क वारसांकडं आणि पासवर्ड मात्र कुणाकडंच नाही, असं होऊ देऊ नका.

पाचेगाववाली (गेवराई)

बोलीचं उत्तर राहिलं की मंडळी.

भाऊ, बोली आठवत नाही कारण तुम्ही शब्द लक्षात ठेवायला बघता. शब्द एकटा घरी येत नाही, वाक्य धरून आणावं लागतं. पोस्टकार्डाच्या आकाराच्या चिठ्ठ्या कापून खिशात ठेवा. एका चिठ्ठीवर एकच नोंद, पाच गोष्टी: पूर्ण वाक्य जसं ऐकलं तसं, कोण बोललं (नाव नको: बाई, साठीची, मजुरी), कुणाला, कुठं, तारीख. "कुणाला" हे लोक गाळतात आणि तिथंच घोळ होतो. तीच म्हातारी सुनेला एक बोलते, तलाठ्याला दुसरं. संध्याकाळच्या आत चिठ्ठी लिहिली नाही तर वाक्य आपोआप शाळेतल्या मराठीत जातं. रात्री आठवून लिहिलेलं धरायचं नाही.

एक गोष्ट ठरवून घ्या: माणूस नेमका कुठला. नांदेडकडं "काय करूलालाय", परभणी-लातूरकडं "काय करायलाय" सर्रास ऐकू येतं. एकाच माणसाच्या तोंडी दोन्ही आली की तिकडचा वाचक दुसऱ्या पानावर पुस्तक मिटतो. कथा सुरू करायच्या आधी एक कागद करा: डावीकडं पात्र, उजवीकडं त्याची ठरलेली रूपं. क्रियापद, "कामून" का "कशामुळं", "व्हय" का "हाव", आईला काय म्हणतो. दहा-पंधरा नोंदी पुरतात.

शुद्धलेखनाची भीती बाळगू नका. साहित्य महामंडळाचे नियम १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार, असे अठरा. पात्राच्या तोंडचं बोलणं बोलल्यासारखं लिहायला त्यांची आडकाठी नाही. पण निवेदन प्रमाण आणि संवाद बोलीत, का सगळंच बोलीत, हे पहिल्या पानावर ठरवा आणि मुद्रितशोधकाला तो रूपांचा कागद सोबत द्या. नाही दिला तर तो बिचारा इमानदारीनं सगळं "सुधारतो".

बोलीचा मसाला कमी घाला. प्रत्येक वाक्यात "लई" आणि "गड्या" आलं की ते नाटकातलं गाव होतं. गावाची चव शब्दांपेक्षा वाक्याच्या चालीत जास्त असते: "पाऊस आला नाही" आणि "पाऊस काही आला नाही बघा" यात नवा शब्द कुठलाय?

कोरडवाहू (बीड)

सगळ्यांचे आभार. ताई, चिठ्ठ्या आजच कापतो. खतावणी काका, एक शंका: त्या अकरा वह्यांचं काय करू? नव्यानं कीर्द सुरू केली तर जुनं तसंच पडून राहणार. आणि लिहिलंय दोन्ही बाजूंनी, तारखा अधूनमधूनच आहेत.

खतावणी (जालना)

उतरवून काढायचा विचारसुद्धा करू नका, त्यातच वर्ष जाईल. जुन्या वह्यांना अ-१ ते अ-११ असे क्रमांक द्या आणि लिहिलेल्याच पानांना पानक्रमांक घाला. नवी कीर्द १ पासून स्वतंत्र. अकरा वह्यांत मिळून चारेकशे लिहिलेली पानं असतील. रविवारी वीस पानं चाळली तर वीस-बावीस रविवार. हातात लाल पेन्सिल, खुणा तीनच: उभी रेघ म्हणजे जिवंत, वर्तुळ म्हणजे नुसता शब्द किंवा वाक्य घेण्याजोगं, काहीच नाही म्हणजे राहू द्या. उभ्या रेघेचेच पत्ते खतावणीत जातील. वर्तुळं ताईंच्या चिठ्ठ्यांवर. तारीख नसेल तर अंदाजानं घालू नका, "पेरणीच्या आधी" किंवा "टँकर चालू होते त्या उन्हाळ्यात" असं पेन्सिलीनं लिहा. पान फाडायचं नाही, कितीही वाईट असलं तरी. शिवलेल्या वहीतलं एक फाडलं की जोडीचं पान सुटतं.

उरलेली कोरी पानं वाया घालवायची नाहीत. दुधनाकाठनं सांगितलेली नक्कल त्यांवर करा, खंडानंतरची.

दुधनाकाठ (सेलू)

हो, आणि नक्कल पेन्सिलीनं केली तरी चालते. जुन्या वहीची शिलाई उसवली तरी दुःख नाही.